नाक तयार करताना: अत्तर-परफ्यूमच्या नादी लागणाऱ्या नवख्यांसाठी

परफ्यूमचा नाद असलेल्या माणसाला नवखे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठला घेऊ?’ हाच. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो: सध्या काहीच घेऊ नका. चांगली बाटली सहज काही हजारांना जाते, आणि खोक्यावरचं ‘बर्गमॉट, व्हेटिव्हर, पचौली, ट्यूबरोज’ वाचून नाकाला काही कळत नाही. खरं तर यातले निम्मे वास आपल्या मंडईत, देव्हाऱ्यात आणि मसाल्याच्या डब्यात लहानपणापासून आहेत. त्यांची ओळख पक्की झाली की काउंटरमागचा विक्रेता काय सांगतो त्यावर विसंबून राहावं लागत नाही. म्हणून सुरुवात घरापासून.

पायरी पहिली: मंडईची एक फेरी

सकाळी लवकर फुलबाजारात जा. निशिगंधाच्या काड्या, मोगऱ्याचा गजरा, मिळाला तर सोनचाफा, आणि दवणा, मरवा किंवा पाच या सुवासिक पानांतलं जे हाती लागेल ते घ्या. तिथून काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन थोडा वाळा, नागरमोथा आणि लोबान घ्या. लवंग, जायफळ, वेलची आणि संत्र्याची साल घरात असतेच. संध्याकाळी पंखा बंद करून एकेक नाकाशी धरा आणि मनात येईल ते लिहा. ‘छान’ आणि ‘उग्र’ हे दोन शब्द मात्र वर्ज्य. ओलसर, कोरडा, तेलकट, कडू, मातकट, साबणासारखा, औषधी, शिळा, असे शब्द वापरा. त्याने पुढे फार काम भागतं.

आता या ढिगाचा परफ्यूमशी संबंध काय ते पाहू. निशिगंध म्हणजे ट्यूबरोज. वाळा म्हणजे व्हेटिव्हर. गजऱ्यात किंवा वेणीत माळतात ती पाच पचौलीच्याच कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याचं तेल दक्षिण भारतात निघतं आणि परदेशी परफ्यूमांत पडतं. पण माझा सगळ्यांत लाडका नागरमोथा. दिवाळीच्या उटण्याला तो मातकट, किंचित धुरकट वास येतो ना, त्यात नागरमोथ्याचा मोठा हात असतो. परफ्यूमच्या धंद्यात त्याच्या तेलाला सायप्रिओल म्हणतात. अस्सल अगरूचं तेल भयंकर महाग पडत असल्याने ‘ऊद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पाश्चात्त्य परफ्यूमांत तो धुरकट लाकडी भाग नागरमोथ्यावर भागवलेला असतो. त्यामुळे मॉलमध्ये एखादा महागडा ‘ऊद’ हुंगताना अभ्यंगस्नानाची आठवण झाली तर तुमचं नाक बरोबर चाललंय असं समजा.

इथेच एक गफलत टाळा. आपण निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे लोबानाच्या जातीची राळ. अरबी परफ्यूमांतला ऊद म्हणजे अगरू: आसामात आणि आग्नेय आशियात वाढणाऱ्या झाडाच्या खोडाला बुरशीची लागण झाली की त्या जागी तयार होणारं काळपट, राळेने भरलेलं लाकूड. दोघांचे वास अजिबात सारखे नाहीत.

पायरी दुसरी: अत्तराचं दुकान

मॉलच्या आधी अत्तरवाल्याकडे जा, असं मी आग्रहाने सांगतो. मुंबईत असाल तर मोहम्मद अली रोडला. इतर शहरांतही जुन्या पेठेत एखादं दुकान सापडतंच. कारण साधं आहे: अत्तरात बहुधा एकच वास मुख्य असतो आणि तो रेंगाळतो, त्यामुळे नवख्या नाकाला धरायला सोपा. खस (म्हणजे आपला वाळाच), केवडा, हिना आणि मिट्टी ही चार मागा. दुकानदार हाताच्या पाठीवर काडीने एकेक ठिपका लावेल. चारांच्या वर जाऊ नका, आणि कुठला ठिपका कशाचा ते लिहून ठेवा.

या अत्तरांचं माहेर उत्तर प्रदेशातलं कन्नौज. तिथे अजूनही देग-भपका चालतो. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकूड-गोवऱ्यांचा जाळ. वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरते आणि तिथे आधीच घालून ठेवलेल्या चंदनाच्या तेलात मुरते. कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मिट्टी अत्तरासाठी देगेत फुलांऐवजी भाजलेल्या मातीचे तुकडे घालतात. पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून कन्नौजवाले तो वास बाटलीत भरत होते. माझं मत विचाराल तर मिट्टी अत्तर लावण्यापेक्षा हुंगण्यात जास्त मजा आहे. अंगावर ते थोड्या वेळाने नुसतं चंदनाकडे झुकतं.

आता पैशाचं. अस्सल चंदनतेल इतकं महाग झालंय, की बाजारातली बहुतेक स्वस्त अत्तरं लिक्विड पॅराफिनसारख्या तेलांवर किंवा रासायनिक द्रावकांवर बेतलेली असतात. गुलाबाचं एक किलो तेल निघायला साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, तेव्हा शंभर रुपयांची गुलाबाची कुपी म्हणजे काय ते समजून घ्या. ती वाईटच असते असं नाही. फक्त तिला ‘शुद्ध’ म्हणून भाव देऊ नका. ‘असली आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ हेच मिळणार. त्याऐवजी एकाच अत्तराचे हलक्यापासून भारीपर्यंतचे सगळे प्रकार मागा आणि तोळ्याचा भाव विचारा. एकाच दुकानात खस तीन-चार भावांना मिळतं. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग दोन मनगटांवर लावून घरी या. रात्री जेवायला बसाल तेव्हा फरक कळेल: एकीकडे सरबताचा गोडवा उरलेला असेल, दुसरीकडे ओली मुळं.

पायरी तिसरी: मॉलमधलं काउंटर

इथे घाई करायला लावणारी माणसं असतात, म्हणून नियम आधीच ठरवून जा. कागदी पट्टीवर फवारा मारला की लगेच नाक खुपसू नका. अल्कोहोल उडायला अर्धा मिनिट द्या. पट्टीवर पेनने नाव लिहा. पट्ट्यांवर चार-पाच बघा आणि त्यातले दोनच अंगावर घ्या, प्रत्येक हातावर एक. मग दुकानातून बाहेर पडा. पहिल्या दहा मिनिटांवर कधीही खरेदी करू नका. विक्रेत्याचा सगळा भर त्या दहा मिनिटांवरच असतो.

कारण हलके रेणू आधी उडतात. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलंच एक फळ) हे सुरुवातीचे पाहुणे पाव-अर्ध्या तासात जातात. फुलं आणि मसाले काही तास थांबतात. लाकूड, राळ, व्हॅनिला, कस्तुरीसारखे जड वास संध्याकाळपर्यंत आणि कपड्यावर तर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतात. तुम्ही जगणार आहात तो या शेवटच्या भागाबरोबर, आणि दुकानात तो कळणं शक्य नसतं. मनगटं एकमेकांवर चोळायची सवयही सोडा. त्याने फायदा काहीच नाही, उलट सुरुवातीचा हलका भाग लवकर उडतो.

काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते. नाक ‘रिकामं’ करायला तिचा साध्या हवेहून जास्त उपयोग होत नाही. स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा किंवा बाहेर चक्कर मारा, तेवढं पुरतं.

आणि एखाद्या प्रसिद्ध परफ्यूमचा तुम्हाला वासच आला नाही, तर खट्टू होऊ नका. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे कार्यरत ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि त्यांत माणसामाणसागणिक जन्मजात फरक असतो. (हे ग्राहक शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४चं नोबेल मिळालं.) काही कृत्रिम कस्तुरी तर अनेकांना अजिबात कळत नाहीत. ‘मॉलिक्यूल ०१’ हा परफ्यूम म्हणजे जवळजवळ एकाच रेणूचं द्रावण आहे. मला तो कधी पेन्सिलीच्या कोरड्या लाकडासारखा येतो, कधी काहीच येत नाही, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मात्र ‘काय लावलंय?’ म्हणून विचारतो.

पायरी चौथी: वही

वास फार लवकर विसरतात. नाव, तारीख, हवा कशी होती, लावल्यावर लगेच काय, दोन तासांनी काय, झोपताना काय, एवढं लिहा. माझ्या वहीतल्या काही नोंदी देतो. त्या प्रमाण मानू नका. नोंद कशी करायची त्याचा नमुना म्हणून बघा, आणि माझ्याशी भांडायला मिळालं तर उत्तमच.

४७११. आपल्याकडे ताप आला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत, त्या पाण्याच्या घराण्यातला. योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात हा प्रकार रुजवला. १७०९ साली स्थापन झालेली फारिना कुटुंबाची पेढी आजही चालू आहे. ४७११ हा त्याच शहरातल्या दुसऱ्या एका पेढीचा जुना घरक्रमांक. लिंबू, संत्र्याची साल, संत्र्याची फुलं, किंचित रोझमेरी, आणि अर्ध्या तासात सगळं गायब. लोक याला दोष म्हणतात. मी एप्रिलमध्ये बाटली फ्रिजमध्ये ठेवतो आणि दुपारी मानेवर सढळ हाताने मारतो. टिकण्यासाठी ते बनवलेलंच नाही.

ओल्ड स्पाइस. पुरुषांसाठीचं १९३८चं. लवंग, दालचिनी, मग पावडरीसारखी मऊ व्हॅनिला. आपल्या आधीच्या पिढीच्या दाढीच्या पेटीतला वास म्हणून त्याला हसतात, पण रचना म्हणून अनेक महागड्या बाटल्यांहून ते सरस आहे. मसाल्याचे वास परफ्यूममध्ये कसे बसवतात हे शिकायला याहून स्वस्त शिकवणी नाही.

गेर्लांचं व्हेटिव्हर, १९५९. माठात टाकलेल्या वाळ्याची अपेक्षा ठेवून हुंगाल तर चकाल. इथला वाळा कोरडा आहे: तंबाखूचं पान, जायफळ, वर लिंबाची फोड. मला विदर्भातल्या घरांच्या दारांवरच्या वाळ्याच्या ताट्या आठवतात, पण पाणी मारायच्या आधीच्या. मी नवख्यांना पहिली बाटली सुचवायची झाली तर हीच सुचवतो, कारण यातला मुख्य वास आपल्याला आधीच पाठ असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती ओळखता येतात.

तेर द’एर्मेस, २००६. नागपुरी संत्र्याच्या सालीचा फवारा, मिरी, आणि खाली गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखं काहीतरी. त्याखाली वाळा आहेच. सुंदर, पण दोन फवाऱ्यांच्या पुढे डोकं धरतं.

त्याच परफ्यूमरचं, म्हणजे ज्याँ-क्लोद एलेनाचं, ‘अं जार्दं स्यूर ल नील’, २००५. इजिप्तमध्ये अस्वानजवळ नाईल नदीत बेटं आहेत, तिथे झाडावरच्या कैऱ्या बघून त्याला याची कल्पना सुचली. देठ मोडल्यावर कैरीला जो चिकाचा, हिरवा, आंबट वास येतो तो पहिल्या पाच मिनिटांत हुबेहूब आहे. फ्रेंच नाकाला हा वास परका वाटला असेल. आपल्याला त्यावर तिखट-मीठ कुठे आहे असं वाटतं. पुढे तो पाणचट होतो, आणि कैरी संपल्यावर माझा रसही संपतो.

कूल वॉटर, १९८८. यातल्या ताजेपणाच्या मुळाशी डायहायड्रोमिर्सेनॉल नावाचा रेणू आहे. तो कपड्याच्या साबणांत आणि डिटर्जंटमध्येही भरपूर वापरला जातो, म्हणून आज हुंगताना ‘धुतलेले कपडे’ मनात येतात. चांगला परफ्यूम आहे. त्याच्या नकलांनी त्याचं नुकसान केलं.

डिओर सोवाज, २०१५. बर्गमॉट, मिरी, आणि अँब्रोक्सन या कृत्रिम सुगंधी रेणूचा खणखणीत, धातूसारखा शेवट. काम चोख करतो. पण ऑफिसच्या लिफ्टमध्ये हा इतक्यांदा भेटतो, की मी त्याच्याबद्दल न्यायाने लिहू शकत नाही.

फ्राका, १९४८. जर्मेन सेलिए या बाईंची करामत. निशिगंध, पण लोण्यात घोळलेला. मंगल कार्यालयात हारांचे ढीग टोपल्यांत पडलेले असतात तेव्हाचा वास. जे निशिगंधाच्या वासाने डोकं दुखतं म्हणतात त्यांनी लांब राहावं. बाकीच्यांनी एक थेंब कपड्याच्या आत.

एंजल, १९९२. पचौली आणि इथाइल माल्टोल, म्हणजे जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’चा जळका-गोड वास. एका बाजूला पचौली, दुसऱ्या बाजूला साखर, आणि दोघांचं भांडण शेवटपर्यंत मिटत नाही. मला आवडतो, घरच्यांना नाही.

शालिमार, १९२५. शालिमार बागेवरून नाव घेतलेला. वर बर्गमॉट, मग व्हॅनिला, राळ, थोडा धूर. बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरी झाल्यावर जो गोड धुरकटपणा भिंतींना चिकटून राहतो, तो मला यात सापडतो. फ्रेंच बायकांनी मोहक म्हणून नावाजलेला परफ्यूम मला बाळंतघरात घेऊन जातो यावर परफ्यूमवाले मित्र हसतात. हसोत.

शानेल नंबर पाच, १९२१. अल्डिहाइड नावाच्या रसायनांमुळे आधी इस्त्रीची वाफ आणि उंची साबण, मागून जाई आणि गुलाब. ऐकीव कीर्तीवर विकत घेऊ नका, आधी दोनदा अंगावर लावून बघा.

पायरी पाचवी: खोक्यावरची अक्षरं

थोडक्यात: ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य ढोबळमानाने २ ते ५ टक्के, ओ द तुआलेतमध्ये ५ ते १५, ओ द पार्फममध्ये १५ ते २०, आणि पार्फम किंवा एक्स्ट्रेमध्ये त्याहून जास्त. कंपन्या हे प्रमाण आपापल्या सोयीने ठरवतात. जास्त टक्के म्हणजे जास्त चांगला असं नाही. अनेकदा एकाच नावाच्या दोन प्रकारांची रचनाच वेगळी असते, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे हुंगा.

पायरी सहावी: हवा, कपडे, माणसं

परदेशी समीक्षा वाचून फसायला होतं ते इथे. तिकडचा ‘हलका’ परफ्यूम मुंबईच्या मे महिन्यात भिंत होऊन उभा राहतो. उष्णतेने सगळंच भराभर उडतं आणि दमट हवेत गोड वास अंगावर बसल्यासारखे वाटतात. एंजल, शालिमार, ऊद हे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरसाठी राखा. उन्हाळ्यात वाळा, कोलोन, संत्रं, केवडा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात परफ्यूम लवकर उडून जातो. तिथे आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून मग फवारा मारा, फरक पडतो.

लिंबू आणि बर्गमॉटच्या सालीच्या तेलात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर काळे डाग पडू शकतात. मोठ्या कंपन्या आता हे घटक काढलेलं तेल वापरतात. पण घरगुती मिश्रणं आणि बिननावाची तेलं लावून उन्हात जाऊ नका. पैठणीवर अत्तराचा फाया टेकवू नका, तेलाचा डाग जात नाही. मोत्याची नथ किंवा तन्मणी घालायचा असेल तर आधी परफ्यूम, तो वाळल्यावर मोती.

किती लावायचं? स्वतःला वास यायचा थांबला म्हणून पुन्हा मारू नका. नाक त्याच वासाला सरावतं, आसपासच्यांचं नाही. हात लांब केल्याच्या अंतरावरच्या माणसाला आला तेवढा पुरे. दवाखान्यात, लोकलच्या डब्यात आणि एसी बंद पडलेल्या सभागृहात त्याहूनही कमी.

पायरी सातवी: खरेदी आणि ठेवण

आता घ्या, पण बाटली नको. २ किंवा ५ मिलीचे डिकांट घ्या, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेले. ओळखीतल्या नादिष्टांकडून मिळाले तर सगळ्यांत बरं. आठवडाभर तेच लावा. आठव्या दिवशीही लावावंसं वाटलं तर लहानात लहान बाटली. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणारा मोठ्या नावाचा सीलबंद परफ्यूम नकली असणार हे धरून चाला. खोक्यावरचा आणि बाटलीखालचा बॅच क्रमांक जुळतो का बघा, पण तो जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका, नकलाकारही तो छापतात. दुकानदाराचं बिल हीच त्यातल्या त्यात खात्री.

बाटली बाथरूमच्या फळीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उजेड आणि उष्णता या दोघांनीच परफ्यूम मरतो. कपाटातल्या खालच्या खणात, खोक्यासकट ठेवा. लिंबू-संत्र्याचे प्रकार आधी बिघडतात, त्यांना नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायला लागतो, तेव्हा ते लवकर संपवा. चंदनावर बसलेलं अस्सल अत्तर घट्ट बुचाच्या कुपीत वर्षानुवर्षं राहतं आणि मुरत जातं. अशा कुपीवर घेतल्याची तारीख आणि भाव चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी त्याच दुकानात गेलात की घासाघीस करायला उपयोगी पडतं.